उकंडरावांचं जाजम

"पोरीले शाळेत धाडतो मास्तर, पण मंधात पडदा पाह्यजे," उकंडराव म्हणाले आणि हेडमास्तर नानाजींना घाम फुटला.

नानाजींचं हायस्कूल गावाबाहेरच्या माळावर नुकतंच उभं राहिलं होतं. जागा उकंडरावांची. मुलामुलींची एकत्र शाळा म्हणून सरकारची मंजुरी मिळायची होती, आणि शाळेत मुलगी एकही नव्हती! उकंडरावांची पंचफुला आली की तिच्या पाठोपाठ गावातल्या आणखी चार-पाच जणी येणार, हे नानाजींना पक्कं ठाऊक होतं. पंचफुलेलाही शिकायची भारी हौस. बापानं हो म्हणावं म्हणून तिनं घरात अबोला धरला होता.

"पण एवढं कापड आणायचं कुठून?"

"माहं जाजम घेऊन जा न! लग्नकार्यातलं हाय. जाडजूड."

जाडजूड म्हणजे काय, ते टांगताना चार गड्यांना चांगलंच कळलं. फळ्याच्या भिंतीपासून थेट मागच्या भिंतीपर्यंत वर्गाचे दोन तुकडे झाले. इकडे मुलं, तिकडे मुली. माळावरच्या वाऱ्यानं जाजम उडू लागलं, तेव्हा उकंडरावांनी आपली थोरली बहीण सोजरबाई हिला त्याच्या खालच्या काठावर बसायला पाठवलं. "आता हललं तं मले सांगजा," म्हणत ती ऐसपैस बसली आणि घटकाभरात घोरू लागली.

पंचाईत झाली ती नानाजींची. बिचारे एका वेळी एकाच बाजूला असणार! पलीकडे जायचं तर दारातून बाहेर पडा, उन्हातून सगळ्या इमारतीला वळसा घाला आणि दुसऱ्या दारानं आत या. फळाही अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मुलांकडे गणित मांडावं तर जागा संपायची. मग ते मुलींकडे जाऊन पुरं करायचं. त्यामुळे मुलांना गणित माहीत, उत्तर नाही. मुलींना उत्तर माहीत, गणित नाही. हिंदुस्थानचा नकाशा शाळेत एकच. तोही त्याच भिंतीवर मधोमध: थोडा इकडे, थोडा तिकडे आणि मधला पट्टा जाजमाखाली.

शेवटी धीर करून नानाजी उकंडरावांकडे गेले. "जाजम काढू या का?"

"काढा न. मंग पोरगीबी काढतो."

नानाजी परत वळसे घालू लागले.

आणि अशातच तपासणीचा दिवस उजाडला. इन्स्पेक्टरसाहेब बैलांच्या दमणीतून उतरले. उकंडराव नवा पटका बांधून मुलांच्या बाजूला, जाजमाला खेटून खुर्चीवर बसले होते. आज मंजुरी गेली तर पंचफुलेचं शिक्षणही गेलं, या विचारानं नानाजी हातातला खडू कुस्करत होते.

साहेबांनी मुलांना विचारलं, "कलकत्ता कुठे आहे?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एक धिटुकला उठला. "साहेब, थे पोरीयकडे हाय."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी जाजमापलीकडे हाक दिली, "मुलींनो, तुम्ही सांगा. मुंबई कुठे आहे?"

पलीकडून पंचफुलेचा खणखणीत आवाज आला, "थे पोरायकडे हाय, साहेब!"

उकंडराव खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "काहून वं? माहा कापूस दरसाल मुंबईले जाते, अन् तुले ठाव नाही?"

"इकडं नाहीच तं कशी ठाव राहीन, बाबा?"

"बरं, ते राहू द्या," साहेब म्हणाले. आता त्यांनाही मजा वाटू लागली असावी. "आपलं वऱ्हाड कुठे आहे, एवढं तरी सांगा."

इकडे मुलं जाजमाकडे पाहू लागली. तिकडे मुलीही. नानाजींनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सोजरबाई जागी झाली. "थे जाजमाखाली हाय, बापा," ती जांभई देत म्हणाली. "मास्तर रोजच सांगून राह्यले."

उकंडरावांना हे काही सहन होईना. आपलं वऱ्हाड, आणि साहेबांना दाखवता येत नाही? "थांबा, मी दाखोतो!" म्हणत ते उठले आणि त्यांनी जाजमाला हिसका दिला. सोजरबाई कलंडली. "अवं माय!" उकंडरावांनी जाजम खांद्यावर घेतलं आणि सगळा हिंदुस्थान उघडा पडला.

पंचफुला धावत नकाशापाशी आली. वऱ्हाडावर ठेवलेलं बोट तिनं हळूहळू समुद्रापर्यंत नेलं.

"बाबा, आपला कापूस असा जाते?"

"असाच जाते," उकंडराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. पोरीचं बोट नकाशावर सरसर चाललेलं पाहून त्यांना मनातून फार बरं वाटलं.

"उकंडराव, सोडा आता ते. खांदा भरून येईल," साहेब म्हणाले.

"सोडतो कसा, साहेब? पुना वऱ्हाड झाकल्या जाईन न!"

साहेब खळखळून हसले. नकाशा मधोमध ठेवून बाकीची तपासणी निवांत पार पडली आणि जाताना त्यांनी मंजुरीचा शब्द दिला. दमणी दिसेनाशी झाली, तशी नानाजींनी छातीवरून हात फिरवला. जाजमाची घडी करून सोजरबाई तिच्यावर टेकली होती.

उकंडराव कमरेवर हात ठेवून नानाजींच्या पुढ्यात उभे राहिले.

"काय मास्तर, एवढे शिकले-सवरलेले तुमी! मी होतो म्हून बरं झालं. कोण्या शहाण्यानं मंधात पडदा टांगला होता जी?"

नानाजींनी एकदा जाजमाकडे पाहिलं, मग पंचफुलेकडे. ती अजून नकाशापुढून हलली नव्हती.

"चुकलंच माझं, उकंडराव," ते म्हणाले.