शुक्रवारचं भांडं

लल्ला बेयाने जावयाचं ‘समुद्रावरची सकाळ’ हे तैलचित्र गच्चीवर पसरलं आणि त्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या.

“उम्मी, अहो, ते चित्र आहे!” मुन्सिफ कळवळला.

“हो ना! मिरची चिकटत नाही, पुसलं की साफ. अख्ख्या नाबुलमध्ये असं कापड मिळायचं नाही.”

बारा वर्षांत मुन्सिफचं एकही चित्र कुणाच्या भिंतीला लागलं नव्हतं. शेवटी कुंचले गुंडाळून तो हमादी उस्तादाकडे कुंभारकाम शिकला. निदान लोक वापरतील अशी वस्तू तरी हातून होईल! वर्षभराने त्याने सासूच्या अंगणात स्वतःचं चाक मांडलं, तशी सासूने अट घातली.

“मला कुसकुस वाफवायचं भांडं करून दे. शुक्रवारी त्यात कुसकुस शिजलं तर चाक राहील. नाही तर सोमवारपासून माझ्या भावाच्या साबणाच्या दुकानात बसायचं.”

भांडं साधंच. बुडाला भोकं पाडायची, रश्श्याच्या हंडीवर बसवायचं, खालच्या वाफेवर वरचा रवा फुलतो. मुन्सिफने भोकं पाडून भांडं एकदा भाजलं. उस्ताद म्हणाला, “झिलई फक्त बाहेरून लाव. आत कोण बघतंय?”

पण कोरी जागा दिसली की मुन्सिफचे हात शिवशिवायचे. त्याने आत, थेट बुडावर, डाळिंबाचं झाड रंगवलं, फांदीवर पक्षी बसवला आणि चमक यावी म्हणून वरून झिलईचे तीन जाड थर दिले. भट्टीत झिलई वितळली आणि एकूण एक भोक बुजवून बसली. भांडं असं काही झळकलं, की भोकांची आठवण कुणाला होणार?

शुक्रवारी साबणवाला भाऊ जेवायला आला. लल्ला बेयाने भांडं हंडीवर ठेवलं आणि आत न बघताच रवा ओतला. जावयाची चित्रं बघायची तिला सवयच नव्हती. वाफ निसटू नये म्हणून सांध्याला पिठात भिजवलेली चिंधी बांधली.

अर्ध्या तासाने रवा कोरडा ठणठणीत.

“सांध्यातून पळतेय मेली,” म्हणत तिने दुसरी चिंधी आवळली.

“आई, जाळ कमी पडतोय,” म्हणत मुन्सिफच्या बायकोने, राधियाने, चुलीत चार लाकडं सारली.

तरी कोरडाच. लल्ला बेयाने कमरेचा एप्रन सोडून तोही करकचून बांधला आणि वाफेला बजावलं, “आता जा बघू कुठं जातेस!”

वाफ सरळ वर गेली. भांड्यासकट.

धडाम्! अंगणभर रव्याचा पाऊस पडला आणि भांडं गादीवर लोळलेल्या भावाच्या पोटावर आदळलं.

“मेलो! अगं बेया, याला भोकंच नाहीत!” दाढीतला रवा झटकत तो ओरडला.

मुन्सिफने डोळे मिटले. नाकाला साबणाचा वास येऊ लागला.

लल्ला बेयाने भांडं उचललं. आत बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

“हे आमच्या माहेरच्या विहिरीवरचं डाळिंब ना रे?”

“हो, उम्मी.”

“राधिया, खिळा आण. मोठा.”

भांडं बैठकीच्या भिंतीवर चढलं. जेवायला रस्सा आणि पाव. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघीजणी तसंच भांडं मागून गेल्या, आणि “भोकं नकोत हं” असं बजावूनही गेल्या.

“चाक राहू दे,” सासूने निकाल दिला.

“पण उम्मी,” मुन्सिफ रडवेला झाला, “मला वापरायची वस्तू करायची होती हो!”

“वापरायला तुझी चित्रं आहेत की!” लल्ला बेया म्हणाली आणि मिरच्या उलटायला गच्चीवर गेली.