गजभिये काकांची आकाशातली धूळ

तुमसरला लोक गच्चीवर पापड वाळत घालतात. आमचे शेजारी गजभिये काका गच्चीवर धूळ पकडतात. पितळी परातीत पाणी भरायचं, आठवडाभर त्यात जे पडेल ते पडू द्यायचं आणि शनिवारी संध्याकाळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवून आकाशातून पडले असतील ते काळे कण टिपायचे. हे कण गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत, तारीख लिहून जपलेले. त्या तारखा पाहूनच मला हा माणूस आवडला.

काका मँगनीजच्या खाणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. त्यांची एकुलती लेक सुजाता गोव्याला असते, खोल समुद्रातल्या मँगनीजच्या थरांवर संशोधन करते. ती या कामाला लागली तेव्हापासून काकांना वस्तूचं मूळ शोधायची खोड लागली. लग्नाच्या पंगतीतही वाढप्याला विचारतील, "वांगं कोणाच्या वाडीतलं होय?"

मी म्हणावं, "जयभीम काका, बाजारात निघालात?"

"बाई, समुद्राच्या तळाशी दगडावर थर चढते. लाखो वर्षांत नखभर! त्यात हेलियम अडकून राह्यते. मोठा खानदानी वायू, कोणाशीच सोयरीक करत नाही. त्याचे दोन प्रकार, समजा दोन भाऊ. जड भाऊ इथल्या दगडातला. हलका बहुतेक वरून आला, आकाशातल्या धुळीत बसून. थर तापवा, दोघं मोजा, माल कुठचा ते समजते."

"आणि भाजी?"

"अरे बाप्पा, थे राह्यलीच."

आता माझी चूक. डेंग्यूमुळे आमच्या प्रभागात दर शनिवारी 'कोरडा दिवस' असतो. घराघरातलं साचलेलं पाणी ओतायचं, यादी माझ्याकडे. एरवी काका कण टिपून परात स्वतःच रिकामी करत, त्या शनिवारी ते बाहेर गेले होते. मी गच्चीवर गेले, परात मोरीत उपडी केली, घासून पुसून भिंतीला टेकवली आणि यादीत बरोबरची खूण केली.

काका आले, परात पाहिली आणि पायरीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, उद्या पोरीचा फोन. सोमवारी ते जहाजावर चालली, दोन महिने फोन नाही. दर इतवारी पोरगी विचारते, 'बाबा, या हप्त्यात काय पडलं?' आता मी तिले काय सांगू?"

मी लगेच कागद काढला आणि बोलण्याचे सात विषय लिहून दिले. गुडघा, नळाची वेळ, पुतण्याचं लग्न, वगैरे. काकांनी कागद वाचून परत दिला. "हे कायले? हे तं कोणीबी बोलते."

शेवटी मीच सुजाताला फोन करून कबुली दिली. ती हसत सुटली.

"काकू, ती आकाशातली धूळ नाहीच! मागे बाबांनी एक बाटली पाठवली होती, मी तपासली. रस्त्यानं मँगनीजचे ट्रक जातात ना, त्यांची आहे. पण त्यांना सांगू नका. आई होती तेव्हा तीच बोलायची. ती गेल्यावर आमचा फोन म्हणजे 'बरी आहेस का?', 'हो', 'ठीक आहे', संपला. धूळ सापडली तेव्हापासून बाबा अर्धा तास बोलतात."

मी मोकळ्या मनानं काकांकडे गेले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "एक गोष्ट सुजाताले सांगू नका. आकाशातले दाणे गोल राह्यतात, बाई. माह्ये सारे टोकदार. सारी उमर खाणीत काढली, मले खाणीची धूळ समजत नाही का? पण पोरगी किती हौसेनं विचारते!"

मी दोन्ही बाजूंनी तोंड बंद ठेवलं. माझ्यासारखीला हे किती जड जातं, ते मलाच ठाऊक.

रविवारी काकांनी मला मुद्दाम बसवून घेतलं. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, या हप्त्यात काय पडलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काहीच नाही पडलं."

 आता 'ठीक आहे' येणार, असं मला वाटलं.

"सुजाता," काका म्हणाले, "घर लई सुनं लागते वं. कवा येशीन?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "जहाज परत बंदराला लागलं की सरळ तुमसर, बाबा. पंधरा दिवस राहीन."

फोन संपला. काकांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, "बाई, दोडका आज लावला तं दोन महिन्यांत लागते ना? तिले लई आवडते."

"लागतो," मी म्हटलं, आणि बियाणं आणायला उठले.