एकटं बसण्याची जागा

सातवीच्या वर्गात सांगण्यासारखं काही घडत नाही, यावर शाळेत सर्वांचं एकमत होतं. पहिलीतली मुलं गोड असतात, दहावीतल्या मुलांचे निकाल लागतात. मधली मुलं नुसती वाढतात. त्यामुळे सहावी ते आठवीचे वर्ग मागच्या इमारतीत होते आणि तिथला पंखा बंद पडला की त्याची दुरुस्ती मुलं नववीत जाईपर्यंत विचाराधीन असे.

या सातवीत पुटपुट नावाची मुलगी होती. मनातल्या मनात बोलताना तिचे ओठ हलायचे, म्हणून वर्गाने तिचं हे नाव पाडलं होतं. तिच्या जिवलग मैत्रिणीने एके दिवशी अचानक तिच्याशी बोलणं सोडलं. का, ते पुटपुटला कळलं नाही. मैत्रिणीला विचारलं असतं तर तिलाही धड सांगता आलं नसतं. तेव्हापासून मधल्या सुट्टीत पुटपुट मागच्या जिन्याच्या पायरीवर बसून एकटीच डबा खायची.

भाषेच्या बाईंच्या हे लक्षात आलं. त्यांनी ते मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं.

"मारामारी झाली का, बाई?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही, सर."

"काही मोडलंबिडलं?"

"नाही. ती एकटी जेवते."

"डबा संपवते ना?"

"संपवते."

"मग झालं तर!" असं म्हणून मुख्याध्यापकांनी प्रकरण निकाली काढलं.

त्याच सुमारास एका वाहिनीला शोध लागला, की बारा-तेरा वर्षांचं वय भलतंच नाट्यमय असतं. प्रेक्षकांना त्या वयाची मालिका हवी होती. वाहिनीची माणसं गाड्या, दिवे आणि वायरींची भेंडोळी घेऊन शाळेत आली आणि सातवीच्या वर्गाला अचानक महत्त्व आलं. पंखा त्याच दिवशी दुरुस्त झाला. मात्र चित्रीकरणात आवाज नको म्हणून तो बंद ठेवावा लागला.

दिग्दर्शकाने वर्ग पाहिला. मुलं बाकांवर चढली होती, कोणी कोणाची पट्टी पळवत होतं, मागे एकजण रडत होता.

"इथे शाळेचा फील नाही," दिग्दर्शक खेदाने म्हणाला. "आणि ही मुलं! उंचीचा काही ताळमेळच नाही. याला मिसरूड फुटलंय, त्याच्या शेजारचा चौथीतला वाटतोय. प्रेक्षकांचा गोंधळ उडेल."

गोंधळ टाळण्यासाठी नट आणण्यात आले. तेरा वर्षांचा नायक सकाळ-संध्याकाळ दाढी करायचा आणि दुपारी स्वतःच्या मुलीला बालवाडीतून आणायला जायचा. खरी सातवी आधी प्रयोगशाळेत हलवली. तिथे नायिकेची रंगभूषा सुरू झाल्यावर सातवी व्हरांड्यात आली आणि व्हरांड्यातून क्रेन न्यायची असल्यामुळे अखेर सायकली ठेवायच्या शेडमध्ये स्थिरावली. फलकावर सूचना लागली: 'चित्रीकरणात व्यत्यय येत असल्याने विद्यार्थ्यांनी शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांसारखे वागू नये.'

मध्येच शिक्षणाधिकारी तपासणीला आले. दारावर 'सातवी' अशी पाटी होती, त्या वर्गात ते शिरले. नटांना संवाद तोंडपाठ होते. अधिकाऱ्यांनी मैत्री म्हणजे काय असं विचारताच नायकाने डोळ्यांत पाणी आणून असं काही उत्तर दिलं, की त्यांनी तिथल्या तिथे शेरा मारला: 'विद्यार्थ्यांची समज वयाच्या मानाने प्रगल्भ.' खात्याची चूक दाखवणं शिष्टाचारात बसत नसल्यामुळे मुख्याध्यापक नम्रपणे हसले.

"आणि शेडमधली ती मुलं?" जाता जाता अधिकाऱ्यांनी विचारलं.

"बघायला जमलीत, साहेब."

"हाकलून द्या. शाळेच्या वेळात उनाडतात."

मालिका लिहिणारी लेखिका तरुण होती, मनाने चांगली होती आणि तिच्याकडे पुढच्या भागासाठी विषय नव्हता. एका दुपारी ती पुटपुटच्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"तू रोज एकटीच जेवतेस?"

एवढी साधी गोष्ट पुटपुटला तोवर कोणी विचारली नव्हती. बाई नुसत्याच लांबून बघायच्या. विचारलं तर पोरगी रडेल, अशी त्यांना भीती वाटायची. पुटपुट आधी पुटपुटली, मग बोलू लागली आणि मग थांबेचना. मैत्रीण आता कोणाच्या शेजारी बसते, आपण रोज सकाळी तिच्याशी काय बोलायचं ते कसं ठरवतो, ती समोर आल्यावर ते शब्द कुठे जातात, सगळं तिने सांगितलं. लेखिकेचे डोळे भरून आले. तिने पुटपुटला जवळ घेतलं आणि संध्याकाळी सगळं लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी पुटपुटने डब्यातला अर्धा भाग लेखिकेसाठी ठेवला. लेखिका आली, पण सोबत दिग्दर्शक आणि दिवेवाले होते.

"हीच ती पायरी," ती म्हणाली. "आणि हीच मुलगी. हिलाच घेऊ या का?"

दिग्दर्शक मनाचा मोठा होता. त्याने पुटपुटला एक संधी दिली. कॅमेरा सुरू झाला. पुटपुटने डबा उघडला आणि खाल्ला.

"कट! ही तर खातेय."

"तिला भूक लागली असेल," लेखिका हळूच म्हणाली.

"दुःखी माणूस खात नाही. ही एकटी वाटतच नाही. बाळ, तू जरा तिकडे उभी राहा."

नायिकेला पायरीवर बसवण्यात आलं. तेवढ्यात भाषेच्या बाई तावातावाने आल्या.

"ही जागा तिची आहे. ती रोज इथेच बसते."

"म्हणून तर निवडली, मॅडम."

"मग तिला बसू द्या. मी बसते तिच्या शेजारी."

"तुम्ही शेजारी बसलात तर एकटेपणा जाईल!"

"जावा म्हणूनच बसतेय."

"मग मालिका पुढे कशी जाणार?" दिग्दर्शकाने कळवळून विचारलं.

बाईंनी पुटपुटचा डबा उचलला. त्या पुटपुटला घेऊन शेडकडे गेल्या आणि त्या दिवसापासून दोघी सायकलींच्या आडोशाला बसून डबा खाऊ लागल्या. बाईंना पहिल्यांदा काय बोलावं ते सुचेना. मग पुटपुटच त्यांना सायकलींच्या मालकांच्या एकेक भानगडी सांगू लागली आणि बाई इतक्या हसल्या, की चित्रीकरण थांबवावं लागलं.

तो भाग प्रसारित झाला आणि सारं गाव रडलं. न खाल्लेल्या डब्याकडे बघणारी नायिका पाहून पुटपुटची आईसुद्धा पदराने डोळे पुसत होती.

"आई, ती मी आहे."

"शू! ब्रेकमध्ये सांग हं, राणी."

ब्रेक लागला. आई वळली. "हं, काय म्हणत होतीस?" पुटपुट शब्दांची जुळवाजुळव करू लागली. तिचे ओठ हलले. तेवढ्यात ब्रेक संपला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर मुलांना थांबवून घेतलं. रात्रभर त्यांना झोप लागली नव्हती. "मुलांनो," ते डोळे टिपत म्हणाले, "अशी एखादी मुलगी आपल्या शाळेत असती, तर मी स्वतः तिच्या शेजारी जाऊन बसलो असतो."

"सर, आहे," रांगेतून बाई म्हणाल्या.

"नंतर बोलू, बाई."

नंतर ते खरंच बोलले. चित्रीकरणात हसून अडथळा आणल्याबद्दल आणि संस्थेच्या भावनिक प्रसंगी मध्येच बोलल्याबद्दल बाईंना समज देण्यात आली आणि सकाळच्या सत्रातल्या पहिलीवर त्यांची बदली झाली. सातवीची शाळा भरायची तेव्हा बाई घराच्या वाटेवर असायच्या.

इकडे पायरी प्रसिद्ध झाली. तिथे एकटं बसून फोटो काढून घ्यायला सगळ्या वर्गांच्या मुली येऊ लागल्या. एकटं बसायला रांग लागली. रांगेत ढकलाढकली झाली, दोन मैत्रिणींचं एकटं बसण्यावरून भांडण झालं, तेव्हा मुख्याध्यापकांनी वर्गवार पाळ्या लावून दिल्या.

सातवीच्या पाळीला पुटपुटची मैत्रीण पायरीवर बसली. फोटो काढणारं कोणी चांगलं मिळेना. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी पुटपुटला हाक मारली.

"ए, काढतेस का गं? तुझा हात हलत नाही."

पुटपुट धावतच गेली. तिने ठरवून ठेवलेलं सगळं घशापर्यंत आलं. मैत्रिणीने फोन तिच्या हातात दिला, डबा उघडला आणि चेहरा पाडला.

"जरा खाली बघ," पुटपुट म्हणाली. "आणि खाऊ नकोस."

"अशी?"

"हो. अशीच."

फोटो फार सुरेख आला. मैत्रिणीने तो बघितला, "थँक्यू हं" म्हणाली आणि वर्गात निघून गेली. पुढच्या मुलीने पुटपुटला बाजूला व्हायला सांगितलं.

मालिकेचा मुक्काम हलला. पायरीला दोरी बांधून 'येथे बसू नये' अशी पाटी लावण्यात आली. मालिकेला पुरस्कार मिळाला तेव्हा लेखिकेने व्यासपीठावरून 'त्या अनाम मुलीचे' आभार मानले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

भाषेच्या बाई हल्ली ही हकीकत भेटेल त्याला सांगतात. ऐकणारे अगदी हेलावून जातात. मग कोणी विचारतं, ती नायिका आता कशात काम करते. कोणी विचारतं, मालिका अजून बघायला मिळते का. एकाने तर पायरीचा पत्ता मागितला. पुटपुट आता कशी आहे, हे बाईंना ठाऊक आहे. ते मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारणारच होतात, यात शंका नाही. पण तेवढ्यात गोष्ट संपली.