रिंगा शाबूत होत्या

भालेरावांबद्दल लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. आधी ते शेजारी होते म्हणून टाळलं, मग ते शेजारी राहिले नाहीत म्हणून. आता मी एकोणऐंशीचा आहे, डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलंय, आणि टाळण्यासाठी लागणारी निमित्तंही संपत आली आहेत.

तर भालेराव दुसऱ्यांच्या गाड्यांचा धूर हुंगायचे.

सकाळी सातला आमच्या खरवईच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक उंच, काटकुळा माणूस कुणाच्या तरी गाडीमागे उकिडवा बसलेला दिसायचा. तो खिशातून प्लास्टिकची पिशवी काढायचा, पिशवीतून चार घड्यांचा पांढरा रुमाल काढायचा, रुमाल सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर धरायचा आणि गाडीवाल्याला हुकूम सोडायचा, "चालू करा. रेस देऊ नका. मी सांगेपर्यंत अजिबात देऊ नका." मग रुमाल नाकाशी नेऊन डोळे मिटायचा. अत्तराच्या दुकानात गिऱ्हाईक मिटतं तसे. नवीन राहायला आलेली माणसं हे पाहून मुलांना आत बोलवायची.

भालेराव अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं बॉयलरवर होते. चिमणीकडे मान वर करून बघणं ही त्यांची नोकरी. रिटायर झाल्यावर चिमणी गेली, पण मान तशीच राहिली. त्यांना कुठलाच धूर परका नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या वास्तुशांतीत सगळे डोळे पुसत बसले होते, तेव्हा हे उठून गुरुजींच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "समिधा ओल्या आहेत, महाराज. हवा कमी पडतेय. मधून जरा पोकळ करा." गुरुजींनी आधी रागाने पाहिलं, मग मधून पोकळ केलं, आणि मंत्र पहिल्यांदा नीट ऐकू आले. डास मारायचं यंत्र घेऊन येणारा माणूस तर भालेरावांना पाहिलं की बी विंगकडून वळायचा. त्याला एकदा त्यांनी अर्धा तास थांबवून त्याच्या यंत्राचं मिश्रण दुरुस्त करून दिलं होतं.

गाड्यांच्या बाबतीत त्यांचं शास्त्र सोपं होतं. "काळा धूर म्हणजे गाडी खातेय जास्त. पांढरा म्हणजे पाणी. थंडीत सकाळी थोडा येणारच, पण इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय. निळा म्हणजे तेल जळतंय. पण तेल जळतंय म्हणून लगेच रडू नका. कधी जळतंय ते बघा." रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना एक निळा झोत टाकून गप्प झाली, तर वरची व्हॉल्व्हची रबरं सुकली. रेस देईल तितका वेळ निळा येतच राहिला, तर खाली पिस्टनच्या रिंगा. आणि हे सगळं ठरवण्याआधी तेलाची पातळी, इंजिनाचा श्वास सोडायची नळी, झाकणाखाली दुधाळ साय आहे का, असं बरंच काही. शेवटी ठरलेलं वाक्य: "उघडायची घाई नको."

हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. मिक्सरबद्दल, लिफ्टच्या मोटरबद्दल, एकदा तर सेक्रेटरींच्या गुडघ्याबद्दलही. दुसऱ्या मजल्यावरच्या मोरेबाईंना गॅरेजवाल्याने पूर्ण इंजिन उतरवायला सांगितलं होतं. भालेराव त्यांच्या गाडीमागे सलग चार सकाळी बसले आणि म्हणाले, "फक्त रबरं बदला, ताई. खालचा माणूस धडधाकट आहे." तसंच निघालं. तेव्हापासून सकाळी त्यांच्यासाठी रांग लागायची. ते पैसे घेत नसत. गाडीवाल्याने दोन मिनिटं थांबून बोलावं, एवढी त्यांची फी होती. त्यांची बायको गेलेली होती, मुलगी जांभूळला दिलेली. हे मला तेव्हाही माहीत होतं. रांगेचा आणि या माहितीचा संबंध मात्र मी फार उशिरा जोडला.

मी अंबरनाथच्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलचा ऑफिसर होतो. एकतीस वर्षं मी लोकांची मापं चुकीची ठरवत आलो. घरी कणीक मळतानासुद्धा पाणी किती घातलं ते मी बायकोला विचारायचो. भालेराव मला रोज "जय भीम, साहेब" म्हणायचे आणि मी रोज "हां, बोला" म्हणायचो. एकतीस वर्षांच्या अचूकपणात हे उत्तर कधी तपासावंसं वाटलं नाही.

खरवईला राहायला आलो आणि माझी गाडी तेल पिऊ लागली. दर रविवारी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून मी पातळी बघायचो. दर रविवारी कमी. मी डबा आणून खुणेपर्यंत भरायचो. पुढच्या रविवारी पुन्हा कमी. दोन महिन्यांत गाडी निळा धूर सोडू लागली. मी आणखी काळजीने तेल घालू लागलो.

एका सकाळी रांगेतल्या लोकांनीच भालेरावांना माझ्या गाडीमागे बसवलं. त्यांनी रुमाल धरला, हुंगला, मग उठून पुढे आले, चाकांकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात माझ्या तेलाचे रिकामे डबे होते तिकडेही पाहिलं. चार-पाच माणसं निकालासाठी उभी होती.

"काय, मामा? रिंगा?" कुणीतरी विचारलं.

"बघू," भालेराव म्हणाले आणि रुमालाची घडी घातली. एवढ्या पटकन ते कधीच उठत नसत.

संध्याकाळी बेल वाजली. सोफ्याच्या अगदी कडेला बसून ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आठ दिवस तेल घालू नका. आणि एकदा गाडी सपाटीवर नेऊन पट्टी बघा."

"म्हणजे?"

"अंबरनाथला तुमच्या जुन्या घरासमोर सपाट होतं. इथं तुम्ही उतारावर लावता, नाक वर करून. तेल मागे सरकतं, पट्टी पुढे आहे. पट्टी खोटं बोलत नाही हो, पण तिला दिसतच नाही. तुम्ही भरता ते जास्तीचं. जास्तीचंच जळतंय. जळून कमी झालं की तुम्ही पुन्हा भरता."

हे ऐकताक्षणी मला कळलं की ते बरोबर आहे. कळलं म्हणूनच मी चिडलो.

"भालेराव, मी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय. मला मोजायला शिकवू नका."

"म्हणून तर वर येऊन सांगतोय, साहेब. खाली नाही बोललो."

"रिंगाच गेल्यात. मी उघडूनच घेणार आहे."

ते उठले. दाराशी चपला घालता घालता म्हणाले, "उघडायची घाई नको. आमच्या मिसेसचं पोट असंच उघडलं. उघडल्यावर म्हणाले, तसं काही नव्हतं. पण ती मग उठलीच नाही."

मी म्हणालो, "चहा घेणार का?"

तोवर त्यांची चप्पल घालून झाली होती.

उल्हासनगरला लच्छूशेठचं गॅरेज होतं. सिंधी माणूस, तोंडाने बडबड्या, हाताचा प्रामाणिक. त्याने सपाट फरशीवर गाडी घेऊन पट्टी काढली आणि कपाळाला हात लावला. "अरे साईं, ये तेल किसने डाला? इंजन है के तेल का कुआँ? एक्स्ट्रा निकाल देता हूँ, चाय पियो, घर जाओ."

मी तेव्हा घरी गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी सोसायटीत सगळ्यांना सांगून निघालो होतो की भालेराव काही झालेलं नाही म्हणतात, पण रिंगा गेल्यात. मी म्हणालो, "उघडा."

"साईं, ज़रूरत नहीं है."

"मी सांगतो ना, उघडा. रिंगा बदला."

गिऱ्हाईक स्वतः हट्ट धरतंय म्हटल्यावर त्याने उघडलं. दोन दिवसांनी त्याने जुन्या रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या. "देख लो. बिल्कुल अच्छी है. नई डाल दी, आपकी खुशी." त्या रिंगांना मी एक गोष्ट खरी करण्यासाठी बाहेर काढलं होतं: रिंगा बदलल्या, हे वाक्य. आता ते खरं होतं. माझ्या मापाला धक्का न लावता.

त्याच महिन्यात सोसायटीची सभा झाली. आमचा जनरेटर काळा धूर सोडत होता. भालेरावांचं म्हणणं होतं, हवेची जाळी तुंबली आहे, एक दिवस द्या, मी साफ करतो. आणि पुढेही जनरेटरची देखभाल मला द्या, काही देऊ नका, फक्त त्या खोलीची किल्ली द्या. त्या किल्लीसाठी ते सभेला नवा शर्ट घालून आले होते. काही मंडळींना मात्र बाहेरची कंपनी बोलवायची होती.

सेक्रेटरी हसत म्हणाले, "मामांच्या रुमालावर किती भरवसा ठेवायचा? पाटणकर साहेबांनाच विचारू. साहेब, मामा तुम्हाला म्हणाले होते ना, काही झालेलं नाही? शेवटी काय निघालं?"

भालेराव तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला अडचण होऊ नये म्हणून समोर पाहत राहिले.

"रिंगा," मी म्हणालो. "रिंगा बदलाव्या लागल्या."

मोरेबाई अर्धवट उठल्या, त्यांना रबरांबद्दल काही सांगायचं होतं, पण सेक्रेटरी पुढच्या विषयावर गेलेले होते. भालेरावांकडे बॉयलरचं सर्टिफिकेट होतं, माझ्याकडे हुद्दा आणि आडनाव. कुणाचं ऐकायचं यावर त्या हॉलमध्ये मतदान घ्यावं लागलं नाही.

सभा सुटल्यावर जिन्यात ते माझ्या शेजारी आले. मला वाटलं, आता बोलणार. बोललेच.

"साहेब, गाडी आता कुठं लावता?"

"तिथंच."

"हं," म्हणाले आणि उतरून गेले.

त्यानंतर सकाळची रांग संपली. कुणी अपमान केला नाही, भांडण झालं नाही. लोक फक्त सात ऐवजी सव्वासातला गाड्या काढू लागले. भालेराव इस्त्रीचा शर्ट घालून खांबाशी उभे राहायचे, खिशात पिशवी, आणि प्रत्येक गाडीच्या मागच्या बाजूकडे नुसतं बघायचे. डास मारणारा माणूस पुन्हा आमच्या विंगकडून जाऊ लागला.

आठ-दहा दिवसांनी पाण्याच्या टाकीशेजारच्या जागेत जमिनीवर एक पिवळा चौकोन उमटला. गाडीच्या मापाचा. गवंडी लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, ती घेऊन भालेरावांनी दोन दिवस तिथली जमीन तपासली होती, असं वॉचमन म्हणाला. चौकोनात सुबक अक्षरांत लिहिलं होतं: "तेलाची पातळी इथे बघावी." कुणाचं नाव नाही, कारण नाही. कमिटीने परवानगीवाचून रंग लावल्याबद्दल त्यांना पत्र दिलं. मीही कमिटीत होतो; पत्राच्या मसुद्यावर माझी सही आहे.

त्या रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना मी गाडी त्या चौकोनात नेली. पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर होतं. आदल्या आठवड्यात उतारावर पाहिलं तेव्हा कमी दिसलं होतं, आणि मी नवा डबा आणूनही ठेवला होता.

पुढच्या वर्षी भालेराव मुलीकडे जांभूळला गेले. मी तीन वेळा भेटायला निघालो. दोनदा अर्ध्या वाटेतून परतलो. तिसऱ्या वेळी पोहोचलो, खिशात लच्छूशेठने दिलेल्या जुन्या रिंगा घेऊन. त्या त्यांच्या हातावर ठेवायच्या, म्हणजे बोलायचं काम अर्धं रिंगाच करतील, असा हिशेबी विचार होता.

ते ओट्यावर बसले होते. खूप वाळलेले, शर्ट मात्र कडक. मी गाडीतून उतरायच्या आत हात वर करून ओरडले, "जय भीम, साहेब! उतरू नका. बंद करा. आता चालू करा. रेस देऊ नका!" आत बघून म्हणाले, "अगं, पिशवी आण माझी."

त्यांना खाली बसायला मुलीने धरलं. रुमाल धरला, हुंगला, डोळे मिटले. किती वेळ मिटून होते ते मी मोजलं नाही.

"साफ आहे, साहेब," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू इंजिन त्यांचंच होतं. रुमाल उलगडून दोन्ही बाजू मला दाखवल्या. "एक डाग नाही. आता कुणी सांगितलं तरी उघडू नका. ठेवा, तुम्हाला ठेवा हा."

मी रुमाल घेतला. तो ज्या खिशात ठेवला त्याच खिशात रिंगा होत्या. मुलीने चहा आणला. मी म्हणालो, साखर जरा कमी चालली असती. मग रस्त्याबद्दल बोललो, जांभूळच्या पाण्याबद्दल बोललो. निघताना ते गेटपर्यंत आले आणि मी वळेपर्यंत माझ्या गाडीच्या मागच्या बाजूकडे बघत उभे राहिले.

यंदा ते गेले. मला वॉचमनकडून आठवड्याने कळलं. पिवळा चौकोन अजून आहे, दर वर्षी कुणीतरी त्यावर रंगाचा हात फिरवतं, आणि का आहे ते नव्या माणसांना ठाऊक नाही. रिंगा माझ्या टेबलाच्या खणात आहेत, त्या पांढऱ्या रुमालात बांधलेल्या. जांभूळच्या ओट्यावर मी जे बोलायला गेलो होतो, ते तीन वाक्यांचं होतं. चहाच्या साखरेबद्दल बोललो तेवढ्या वेळात झालं असतं.

जय भीम, भालेराव. रिंगा शाबूत होत्या. तेल मीच जास्त घातलं होतं.