लाभार्थी दाखवा

सावळीराम सातपूरच्या बेरोजगार मार्गदर्शन केंद्रात मार्गदर्शक होता. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मार्गदर्शन इतकं जोरात चालायचं, की पोरं पंख्याखाली ऐकता ऐकता पेंगायची. आता खरं सांगायचं, तर त्या केंद्रामुळे नोकरी एकट्या सावळीरामलाच लागली होती, अन् तीही कंत्राटी.

केंद्रासमोर चहाची गाडी लावणारा हिरामण त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पण ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. चहावाला मेहुणा म्हटल्यावर आपली काय इज्जत राहणार, म्हणून सावळीराम खिडकीतून हाक मारायचा, "ओ चहावाले, दोन चहा." हिरामण मुकाट्याने आणून द्यायचा.

एक दिवस मुंबईहून फोन आला. मोठे साहेब उद्या येतायत, केंद्राच्या योजनेतून कामाला लागलेला एक तरी लाभार्थी दाखवा, नाहीतर कंत्राट संपलं समजा. सावळीरामने संध्याकाळी बहिणीचं घर गाठलं.

"दाजी, उद्या एवढंच सांगा, की ही गाडी केंद्रामुळे उभी राहिली."

"गाडी तर तुझ्या केंद्राच्या आधीची हाय."

"नोकरी जाईल हो माझी."

"बरं, सांगतो. नात्याचं सांगू का?"

"तेवढं नका सांगू," सावळीराम जमिनीकडे बघत म्हणाला. त्याची त्यालाच लाज वाटली, पण शब्द काही त्याने मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी हिरामणने मेहुण्यासाठी जीव तोडून खोटं सांगितलं. "साहेब, या सरांनी मला मार्गाला लावलं. मलाच काय, इथल्या समद्या पोरांना लावलं. आता हुडकूनबी बेकार सापडणार नाय."

साहेब बेहद्द खूश झाले. त्यांनी सावळीरामची पाठ थोपटली. महिन्याभरात आदेश आला: या भागात बेरोजगार उरले नसल्याने केंद्र बंद करण्यात येत आहे.

सावळीराम सगळ्या कंपन्यांची गेटं हिंडला. कुणी आत घेईना. शेवटी बहीणच म्हणाली, "उद्यापासून गाडीवर जा. लाज वाटली तर टोपी घाल."

त्याने घातली. एका दुपारी तेच मोठे साहेब चहाला थांबले. सावळीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपी डोळ्यांवर ओढून तो बादलीवर वाकला अन् धुतलेलेच ग्लास पुन्हा धुवू लागला.

"धंदा वाढला वाटतं, हिरामण. माणूस ठेवलास? नात्यातला का?"

हिरामणने एकदा मेहुण्याच्या टोपीकडे पाहिलं.

"नाय साहेब," तो म्हणाला, "योजनेतून लागलाय."