डाखोळेजींचे पुठ्ठ्याचे टायर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दीड वर्ष एक जीप विटांवर उभी होती आणि तिला पुठ्ठ्याची चाकं होती. खोटं सांगत नाही. कळमन्याच्या बाजारातून संत्र्याची रिकामी खोकी आणून, त्यांचे गोल कापून, वर काळा रंग देऊन डाखोळेजींनी ती स्वतः बनवली होती. एक जोडी एकोणतीस इंचांची, एक एकतीसची, एक तेहतीसची. दर रविवारी जोडी बदलायची. मग डाखोळेजी कडुलिंबाखाली खुर्ची टाकून जीपकडे असे बघत बसायचे, जसं काही स्थळ पाहायला आलेत.

मधुकरजी डाखोळे आमचे शेजारी. सरकारी खात्यात नकाशे काढता काढता निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का नाही, ते आम्ही विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी ते टायरवरच बोलले असते. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, टायर राहतात. माझे मिस्टर पंधरा वर्षं त्यांचे शेजारी आहेत, पण त्यांची ओळख करून देताना डाखोळेजी सांगतात, "हे गोटा टायरवाले." आता त्यांच्या गाडीचा मागचा टायर झिजून गुळगुळीत झालाय हे खरं, पण चारचौघांत सांगायचं असतं का?

"गाडी उंच केली ना एकदा? मग कोणतेही टायर लावा की," असं मी एकदा बोलून गेले आणि फसले.

"वहिनी, तिथंच तं सारं अडते," ते म्हणाले. "स्प्रिंगपट्ट्या मोठ्या टाकल्या, गाडी चार इंच उठली. पण काय उठलं? वरचं अंग उठलं. खाली मागच्या एक्सलच्या मधात लोखंडी गोळा राह्यते, तो जिथल्या तिथंच. त्याले फक्त टायर उचलते. अन् दोन इंच मोठा टायर घेतला तं गोळा उठते एकच इंच. बाकीचा एक इंच वर जाते, मडगार्डले खायले."

हे समजावून सांगायला त्यांनी माझा पोळपाट मागून नेला. तो अजून आलेला नाही.

"पोट नाई लागलं पायजे," हे त्यांचं पालुपद. म्हणजे जीपचं पोट जमिनीला. पण एकदा तोंडात बसलं की माणूस कुठंही वापरतो. माझ्या पुतणीचं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हाही म्हणाले, "छान झालं. फक्त पोट नाई लागलं पायजे." माझ्या जावेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नागपुरात टायरचं एकही दुकान त्यांनी सोडलं नाही. जायचे, फूटपट्टी काढायचे, टायरला मिठी मारून रुंदी बघायचे. दुकानदार कंटाळून विचारायचा, "अंकल, लेना है क्या?" हे शांतपणे म्हणायचे, "अभी तो देख रहा हूँ." दीड वर्ष देखतच होते.

इथवर ठीक होतं. छंद आहे म्हणून आम्ही सोडून देत होतो. मग त्यांनी म्हाताऱ्या बायकांना विटांवर चढवायला सुरुवात केली.

आमच्या फाटकाशी त्यांनी विटा रचल्या. वर अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फळ्या. आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "आजी, जरा पाय टाकून पाहा बरं." सासूबाई हौशी. पंधरा इंचांपर्यंत चढल्या. सोळाव्याला गुडघा धरून त्याच विटांवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, याले चहा पाज अन् घरी धाड." डाखोळेजींनी वहीत लिहून घेतलं. पुढे तर गल्लीतल्या म्हाताऱ्या त्यांना लांबून पाहिलं की फाटक लावून घ्यायच्या. एकटा माणूस आहे, उतारवयात डोकं फिरलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही त्यात होते. हसायला तर सगळ्यांच्या पुढे.

आषाढात एकदा त्या विटांना अडकून माझी स्कूटर पडली. मी तणतणत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "पावसाळा लागला, आता तरी एक काय ते टायर लावा, नाहीतर विकून टाका ती जीप. आणि विटा उचला आधी."

त्यांनी हातातली फूटपट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, बाईसाठी आहे ते."

मोठ्या बहिणीला ते बाई म्हणतात. आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते, बाईंनीच वाढवलं. त्या कळमेश्वरच्या पुढे गावी एकट्या राहतात. डांबरी रस्त्यापासून गावापर्यंत तीन किलोमीटर काळ्या मातीची वाट. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीला खालून धरून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी भर पावसात बाई गोठ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं.

"माही छोटी कार डांबरीवर उभी होती," ते म्हणाले. "अन् बाईले आमी चौघांनी खाटेवर आणलं. खाटेचा एक खूर माह्या खांद्यावर होता. सारं गाव दोन्ही बाजूनं उभं. बाईनं हूं का चूं केलं नाई, तोंडावर पदर घेऊन पडून होती."

ऑपरेशन झालं, बाई काठीवर चालायला लागल्या आणि हट्टानं गावी परतल्या. आता डॉक्टरांनी याच महिन्यात तपासायला बोलावलं होतं.

"एकतीसचा लावला तं गोळा उंचवट्याले घासते. तेहतीसचा लावला तं बाईचा पाय पायदानावर पोचत नाई. चुकलो तं पुन्हा खाट आणा लागन, वहिनी."

"मग एक स्टूल न्या बरोबर."

"त्या मातीत स्टूल ठेवला का कुठं गेला ते मालूम नाई पडत."

मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "एकतीसचा लावा. मी येते सोबत. मी धरते बाईंना."

दुसऱ्या दिवशी जीपला खरे टायर लागले.

त्या तीन किलोमीटरांबद्दल मी फार बोलत नाही. दर दहा हातांवर खालून खर्रकन आवाज यायचा आणि डाखोळेजी डोळे मिटून घ्यायचे, जे चालवणाऱ्यानं करू नये. पण जीप अडकली नाही.

बाईंचं घर गावाच्या अलीकडच्या कडेला. बाई ओट्यावर पिशवी घेऊन तयार बसल्या होत्या. वाळलेल्या, लहानशा, नजर मात्र धारदार. डाखोळेजी फूटपट्टी घेऊनच उतरले. पायदानाची उंची मोजली, चिखलात टाच दाबून पाहिली, पुन्हा मोजली. "बाई, आधी चांगला पाय टाक. वहिनी, तुमी डावीकडून..."

बाईंनी काठीनं ओट्याची कड ठोकली. मग म्हणाल्या, "मधू, गाडी ओट्याले लाव ना गा."

डाखोळेजी जागच्या जागी थांबले. ज्या ओट्यावर त्यांचं बालपण गेलं, तो जवळजवळ पायदानाच्याच उंचीचा होता. अख्खं नागपूर मोजलं, ओटा मोजला नाही. जीप मागे घेतली, ओट्याला टेकवली. बाईंनी माझा हात धरून एक पाऊल टाकलं आणि बसल्या.

"तेहतीसचेबी चालले असते," डाखोळेजी स्वतःशीच म्हणाले. मी तोंडावर ओढणी धरून हसले.

"पण तिकडं दवाखान्यात उतरशीन कशी?" त्यांनी विचारलं.

"उतराचं मंग पाहू. चाल."

त्यांनी जीप आल्या वाटेकडे वळवली, तशी बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "इकडून नको. गावातून घे."

"बाई, गावात चिखल जास्त आहे. काहून उगाच?"

"असू दे. त्या खेपी साऱ्या गावानं मले आडवी जाताना पाह्यलं. आता बसून जाताना पाहू दे."

डाखोळेजींनी स्टिअरिंग गावाकडे फिरवलं. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्याहून हळू, त्यांनी जीप गावातून नेली. बाई ताठ बसल्या होत्या, डोक्यावर पदर, तोंड उघडं. दारादारांतून लोक बाहेर आले. बाई एकेकाला नावानं हाक मारत होत्या, कोणाला सुनेचं विचारत होत्या, कोणाला म्हशीचं. डाखोळेजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी एक हातही स्टिअरिंगवरून काढला नाही. मीही रडले, लपवत नाही.

पारापाशी गाव संपलं, तिथून डांबरीकडे जायला वाट होती. डाखोळेजींनी कोणाला न विचारता जीप वळवली आणि पुन्हा गावातून नेली.