भट्टी अजून गरम आहे

सोमवारी सकाळी काचबाईंनी भट्टीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं. मग पदराने चष्मा पुसून परत उघडलं. चष्म्याचा दोष नव्हता. शनिवारी आत तीन बशा ठेवल्या होत्या, त्यांचे आता सात तुकडे झाले होते.

काचबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं. रंगीत काचांचे तुकडे एकावर एक रचायचे, भट्टीत वितळवून एकजीव करायचे आणि त्याच्या बशा, वाट्या, तबकं बनवायची, हा त्यांचा जुना नाद. चौदा महिन्यांपूर्वी नवरा गेला. मागच्या खोलीतलं त्याचं टेबल बघवेना, म्हणून त्या टेबलावर त्यांनी काचा मांडल्या, आणि घरात आठवड्यातून दोन तास तरी माणसांचा आवाज असावा म्हणून शनिवारी दुपारी चारचा वर्ग सुरू केला. भट्टी कपडे धुण्याच्या यंत्राएवढी आणि विद्यार्थी तीन. चौथा येईल अशी आशा पहिल्या महिन्यात होती, नंतर ती पण गेली.

घरात त्यांच्याशिवाय राहायच्या त्या वन्सं, म्हणजे गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. बत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेली. भाऊ गेल्यावर आठ दिवसांसाठी म्हणून आल्या त्या परत गेल्याच नाहीत. जा असं कोणी म्हटलं नाही आणि राहा असंही कोणी म्हटलं नाही. दोघींचं भांडण नव्हतं. भांडण व्हायला आधी बोलावं लागतं.

सात तुकड्यांकडे बघता बघता काचबाईंची नजर भिंतीवरच्या फळ्यांकडे गेली. सगळी काच फिकटाकडून गडदाकडे अशी ओळीने लावलेली होती. शनिवारी वर्गाच्या गडबडीत ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"वन्सं, या काचा कोणी लावल्या?"

"मी. शुक्रवारी. तू बाहेर गेली होतीस तेव्हा." वन्सं दारात आल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्या जराशा खूश दिसत होत्या. "कसली अंदाधुंदी होती गं! निळ्यात हिरवं, हिरव्यात पांढरं. आता आंधळ्यालासुद्धा सापडेल."

"त्यांच्यावर स्टिकर होते."

"होते ना! प्रत्येकावर. कोमट पाण्यात भिजवून, नखाने खरवडून काढले. दोन तास गेले. अजून बोटं दुखतायत."

काचबाई स्टुलावर बसल्या. ते स्टिकर शोभेसाठी नव्हते. भट्टीच्या काचेत दोन जाती असतात. दिसायला जुळ्या बहिणी, पण तापल्यावर एक जरा जास्त फुगते आणि निवताना जरा जास्त आक्रसते. दोघींना एकत्र वितळवलं की त्या एकमेकींना ओढत राहतात आणि शेवटी तडकतात. कोणती काच कुठल्या जातीची हे सांगणारी जगात एकच खूण होती, आणि ती शुक्रवारी मोरीतून वाहून गेली होती.

हे सगळं वन्संना सांगायला हवं होतं. पण त्या अजून दारात उभ्या होत्या, शाबासकीची वाट बघत. काचबाई म्हणाल्या, "छान दिसतंय," आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन इंजिनिअरांचा होता. वीजखात्यातून निवृत्त झालेले, सदा घाईत असलेले गृहस्थ. "मॅडम, भट्टी उघडली का? माझी बशी कशी झाली?"

खरं बोलायला एक क्षण पुरतो आणि खोटं बोलायला त्याहून कमी. "अजून नाही उघडली," काचबाई म्हणाल्या. "भट्टी अजून गरम आहे."

इंजिनिअरांच्या हिरव्या बशीचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. ती तारांच्या नकाशासारखी होती. समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बशीचंही नाही. त्या काहीही करायला घेत आणि शेवटी त्याची दाढच होई. पण तिसरी बशी घड्याळजींची होती.

घड्याळजींनी दुकान बंद केलं होतं, कारण हात थरथरू लागले होते. बायको शुश्रूषागृहात. गेले आठ महिने ती त्यांना ओळखत नव्हती. वीजमीटर वाचायला आलेला माणूस समजायची आणि अदबीने खुर्ची द्यायची. "एक्केचाळीस वर्षं संसार केला," ते एकदा वर्गात म्हणाले होते, "पण माझ्याशी इतकं गोड ती कधीच बोलली नव्हती." हसावं की काय करावं हे कोणालाच कळलं नव्हतं. तिला निळा रंग तेवढा अजून आवडे. गुरुवारी तिचा वाढदिवस होता. थरथरत्या हातांनी तीन शनिवार खपून त्यांनी निळी बशी रचली होती.

नवी काच मागवली तरी यायला आठ दिवस. काचबाईंनी निळ्या फळीवरचे चार तुकडे उचलले, उजेडात धरले, नखाने वाजवले, अगदी हुंगूनसुद्धा पाहिले. काही कळेना. मग अंदाजाने घड्याळजींच्या बशीसारखीच बशी रचली आणि भट्टी लावली. आठशे अंशांपर्यंत चढायची आणि मग हळूहळू, लाडाने उतरायची. बुधवारपर्यंत नशिबाने साथ दिली, तर कोणाला काही कळणार नव्हतं. सोमवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आणि मंगळवारी सकाळी घड्याळजींनी फोन केला. दोघांनाही तेच उत्तर मिळालं, आणि आता ते खोटंही नव्हतं.

मंगळवारी दुपारी इंजिनिअर स्वतःच आले. "इकडूनच चाललो होतो," म्हणाले. ते राहत गावाच्या दुसऱ्या टोकाला. थेट मागच्या खोलीत जाऊन त्यांनी भट्टीच्या अंगावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"मॅडम! ही खरंच गरम आहे!"

"मी सांगत होतेच की."

"अहो, पण शनिवारी लावलेली भट्टी मंगळवारी गरम कशी राहील?" त्यांनी खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा उतरला. "रविवारी रात्रीच निवायला हवी. म्हणजे आत वीज चालूच आहे. आतला स्विच चिकटलाय. चार दिवस ही आपली तापतेच आहे! मेन बंद करतो."

मेन बंद केला असता तर भट्टी भराभर निवली असती आणि बशी गेली असती. काचबाई किंचाळल्या, "स्विचला हात लावू नका!"

इंजिनिअर जागच्या जागी गोठले. वीजखात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्याचा एकच अर्थ माहीत होता. त्यांनी दोन्ही हात वर केले, पावलं न उचलता, घासत घासत उलटे दारापर्यंत गेले आणि वाटेतल्या वन्संना म्हणाले, "ताई, कशालाही शिवू नका. भिंतीत करंट उतरलाय. बाहेर चला."

वन्संनी आयुष्यभर लोकांना शांत राहायला सांगितलं होतं. कोणी त्यांना धावायला सांगेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या अनवाणी रस्त्यावर धावल्या.

काचबाई "अहो, तसं नाही," म्हणत मागून आल्या, तोवर इंजिनिअरांचा अग्निशमन दलाला फोन झालाही होता. त्यांचा खणखणीत आवाज ऐकून डॉक्टरीणबाई दवाखान्यातून बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग गळ्यात कागदी रुमाल आणि अर्धा जबडा सुन्न असलेला एक पेशंट आला. "हाय हालं?" तो विचारत होता, पण त्याला कोणी उत्तर देईना. आणि कोपऱ्यावरून, फोनवर समाधान न झालेले घड्याळजी हळूहळू चालत येत होते. येताना बशी गुंडाळायला त्यांनी मऊ फडकं आणलं होतं.

बंब आठ मिनिटांत आला. एरवी या गल्लीत साधा नळवालाही आठ दिवसांशिवाय येत नाही. अधिकारी उंच आणि कंटाळलेला होता. काचबाई त्याच्या मागे मागे मागच्या खोलीत गेल्या.

"साहेब, काही झालेलं नाही. दोनशे दहा अंश आहे. सगळं ठीक आहे. उद्या सकाळी मी स्वतः उघडते."

"दोनशे दहा? आणि ठीक आहे?"

"काचेला एवढं लागतंच. कृपा करा, झाकण उघडू नका."

आत काय आहे हे पाहिल्याशिवाय परत जायचं नाही, असा त्याच्या खात्याचा नियम होता. त्याने जाड हातमोजा चढवला आणि झाकण सताड उघडलं.

आत निळी बशी होती. अख्खी, गुळगुळीत, एकही तडा नसलेली. अंदाज बरोबर निघाला होता. काचबाईंना ती जेमतेम एक श्वासभर दिसली. मग खिडकीतून गार वाऱ्याची झुळूक आली, 'टक्' असा बारीकसा आवाज झाला आणि बशीच्या बरोबर मधून एक रेघ गेली.

"आग वगैरे काही नाही," अधिकारी बाहेर येऊन म्हणाला. "बशी आहे. फुटलेली."

"माझी का?" घड्याळजींनी विचारलं.

आता मात्र काचबाईंना खोटं सुचेना. भर रस्त्यात, बंबाशेजारी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. शनिवारच्या तिन्ही बशा तडकल्या, आतली ही मी मागाहून रचलेली, स्टिकर निघाल्यामुळे काचांची सरमिसळ झाली होती, मी तपासून घ्यायला हवं होतं, चूक माझी. वन्संचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"चूक तिची नाही," मागून आवाज आला. वन्संच्या पायाला खडे टोचत होते, तरी त्या ताठ उभ्या होत्या. "स्टिकर मी धुतले. मला कळलं नाही. आणि तिने मला सांगितलं नाही, कारण मी शाबासकीची वाट बघत दारात उभी होते."

इंजिनिअर हिशेबाचा कागद घडी करत राहिले. डॉक्टरीणबाई "चालायचंच" असं काहीतरी पुटपुटत पेशंटला घेऊन आत गेल्या. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. बशी निवेपर्यंत घड्याळजी तासभर पायरीवर बसून राहिले, मग दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळले आणि म्हणाले, "गुरुवारी रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा हे बरं." वळणावर दिसेनासे होईपर्यंत काचबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

त्या संध्याकाळी दोघी नणंद-भावजया मागच्या खोलीत समोरासमोर बसल्या. सगळ्या फळ्यांवर मिळून खात्रीची अशी एकच काच उरली होती, एक मोठा पारदर्शक तुकडा. त्याचा खोका अजून फोडलेला नव्हता, त्यामुळे त्याच्यावरचं स्टिकर शाबूत होतं. त्याच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टीवर एकेका काचेचा कपचा वितळवायचा, टिकला तर ती काच त्याच जातीची, तडकला तर दुसऱ्या जातीची. काचबाई कापत होत्या, वन्सं वहीत क्रमांक टाकत होत्या. गुरुवारी कधीतरी, हेच काम चालू असताना, भावाच्या टेबलावरून हात फिरवत वन्सं म्हणाल्या, "त्याला पण लहानपणी काही जागच्या जागी ठेवता यायचं नाही." काचबाई म्हणाल्या, "म्हातारपणीही नाही." वन्सं हसल्या आणि त्यांनी पुढचा क्रमांक टाकला.

शनिवारी काचबाईंनी तीन स्टुलं मांडली. कोणी येणार नाही हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, की महिनाभर दवाखान्यात फार गर्दी आहे. दवाखान्याचं दार समोर दिसत होतं. त्याची पायरी दिवसभर कोणी चढलं नव्हतं. चार वाजून पाच मिनिटांनी इंजिनिअर आले, पण बसले नाहीत. आग विझवायचं एक लाल नळकांडं त्यांनी कोपऱ्यात ठेवलं, "वापरायची वेळ न येवो," म्हणाले आणि मग स्टुलाच्या अगदी कडेवर टेकले. साडेचार झाले. काचबाई तिसरं स्टूल उचलून ठेवायला उठल्या आणि घड्याळजी दारात दिसले.

त्यांच्याकडे बघायचं धाडस काचबाईंना होईना. "गुरुवारी... गेला होतात?"

"गेलो होतो." ते बसले. "तिने नेहमीसारखं खुर्चीवर बसा म्हटलं. मीटर कुठे आहे ते दाखवलं. मी फडकं सोडून दोन्ही तुकडे तिच्या मांडीवर ठेवले. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'फोडलीत ना? मला ठाऊकच होतं! तुमच्या हातून एक वस्तू धड राहील तर शपथ!'"

इंजिनिअर स्टुलाच्या कडेवरून आत सरकले.

"पंधरा मिनिटं, बाई! सलग पंधरा मिनिटं मला झापत होती. लग्नातल्या बरण्या, आरसा, तिच्या माहेरचा दिवा, एक्केचाळीस वर्षांत मी जे जे फोडलं ते सगळं तारीखवार काढलं. दाराशी नर्स येऊन उभी राहिली." त्यांनी डोळे पुसले. "मग दमली. आणि मला म्हणाली, मीटर वाचून झालं असेल तर चहा घेऊन जा."

इंजिनिअर उगाच नळकांड्यावरच्या सूचना वाचू लागले.

"एक विचारू का, बाई?" घड्याळजी चाचरत म्हणाले. "पुढच्या गुरुवारी पुन्हा जायचंय. आणखी एखादी अशीच, मधोमध तडकलेली, करून मिळेल का?"

काचबाईंनी हातातला कपचा खाली ठेवला. काच तडकू नये एवढीच विद्या त्या जन्मभर शिकल्या होत्या आणि शिकवत आल्या होत्या.

वन्संनी मात्र वही ओढली, चष्मा नाकावर सरकवला आणि पान उलटलं.

"एकमेकींशी न जुळणाऱ्या काचांची यादी कालच पूर्ण झाली," त्या म्हणाल्या. "निळ्यात अकरा जोड्या आहेत. कोणती देऊ?"